सवतीच्या गाडीतलं घड्याळ

मला सवत आली तेव्हा मी रडले नाही. तिच्या गाडीत ते घड्याळ बसलं तेव्हा मात्र रडले, आणि तेही बकऱ्यांच्या कुंपणात खाली बसून, कारण आमच्या वाळूत दुसरीकडे हुंदके लपवायला जागाच नाही.

आधी नवऱ्याबद्दल सांगते. मत्तर त्याचं नाव. दोन बायकांत न्याय करावा तर मत्तरनंच, असं आमच्या शर्कियाच्या वाळूत कोणीही सांगेल. दोन घरं, मधे गाफचं एक झाड. एक रात्र इकडे, एक रात्र तिकडे. तांदूळ आणला तर दोन पोती, कापड आणलं तर एकाच थानातलं. बिदियाच्या बाजारातून कलिंगड आणलं की मधोमध चिरायचा आणि मला म्हणायचा, "उम्म बखीत, तुला जे मोठं वाटतं ते तू उचल." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? मेला भांडायलाही काही शिल्लक ठेवत नाही.

बखीत माझा थोरला. तो आणि धाकटा दोघे मस्कतला लष्करात आहेत. आमच्यात आईला 'उम्म' आणि बापाला 'अबू' लावून थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, त्यामुळे सवतीलाही माझ्या नवऱ्याला 'अबू बखीत' म्हणावं लागतं. ती 'अबू बखीत' म्हणाली की माझ्या पोटात गार पडतं. खोटं कशाला बोलू, तेवढंच एक सुख होतं मला.

ती झयाना. अशखराच्या किनाऱ्यावरची, कोळ्यांची पोर. चार वर्षांपूर्वी आणली तिला, आता एक चिमुरडी लेकही आहे तिला. का आणली ते मला विचारू नका. मी मत्तरला विचारलं तर तो म्हणाला उंटांना पाणी दाखवायचंय, आणि निघून गेला. ती आली ती सुक्या मोरी माशाची पोतडी घेऊन, आणि त्या वासानं माझ्या बकऱ्या दोन दिवस नीट चरल्या नाहीत. वर हा माज! मागून हाक मारा, वळून बघायची नाही. आम्ही बायका कॉफीला जमलो की सगळ्या गोष्टींवर नुसतं हं-हं. पुरुषांशी मात्र नीट बोलायची, अगदी त्यांच्या तोंडाकडे टक लावून. आणि आमचा न्यायाधीश? माझ्याकडे आला की माझ्या बाजूला टेकायचा आणि वाळूकडे बघत बोलायचा. तिच्याकडे मात्र तिच्यासमोर बसायचा, मांडीला मांडी भिडेल असा, आणि एकेक शब्द सावकाश, चघळून चघळून बोलायचा. मी माझ्या दारातून बघायची. रात्री मोजून सारख्या, तांदूळ मोजून सारखा, पण ते समोर बसणं कुठल्या तराजूत घालायचं?

असो. गाडीकडे येते.

गाडी ही माझी खरी इस्टेट. जुनी लँड क्रूझर पिकअप, सहा सिलिंडरची, वाळूच्या रंगाची. मूळचा रंग कुठला होता ते आता मलाही आठवत नाही. तिच्या मागच्या हौद्यात उंटाची पिल्लं, पाण्याच्या टाक्या, बाळंतिणी, सगळं वाहिलंय मी. डॅशबोर्डवर वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा आणि पाणी तापल्याचा काटा. बस्स. बाकी सगळं कानानं. इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर, किंचाळायला लागलं की वरचा. हे शिकवावं लागत नाही. मत्तरला मात्र मीच शिकवलं होतं, हे तो चारचौघांत सांगत नाही.

आणि उन्हाळ्यात सगळ्यांच्या पुढे मी. उन्हं चढली की आमची घरं वाळू सोडून कडेच्या खजुराच्या बागांत जातात, खजूर उतरले की परत येतात. पाच-सहा गाड्या एकामागून एक. पहिल्या गाडीनं वाट पाडायची, बाकीच्यांनी तिच्या चाकोरीतून यायचं. पहिल्या गाडीत सासूबाई बसतात (आम्ही सुना त्यांना खाला म्हणतो), मांडीवर कॉफीची किटली घेऊन. सासूबाई ज्या गाडीत, ती गाडी पुढे. माझे केस काळे होते तेव्हापासून त्या माझ्या शेजारी बसत आल्या. पुरुषांच्या गाड्या माझ्या मागून यायच्या. हा मान मला कोणी वाटणीत दिलेला नव्हता, माझा मी मिळवला होता.

झयानाची गाडीही पिकअपच, पण चार सिलिंडरची हायलक्स, माझ्याहून पुष्कळ नवी आणि हलकी. आणि चालवायची कशी? देवा रे! दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बोंबलतंय तरी बाई ढिम्म. नाहीतर चढावर इंजिन मरायला टेकलंय आणि ही वरचा गिअर टाकून मोकळी. क्लच जळल्याचा वास माशाच्या वासाहून लांब जायचा. मी म्हणायची, "पोरी, होडी नाही ती, वल्हवू नकोस!" ती हसायची नाही, रागवायचीही नाही. मग मलाच आणखी राग यायचा.

तर एके दिवशी मत्तर तिची गाडी घेऊन बिदियाला गेला आणि आला तो ते घड्याळ बसवून. स्टिअरिंगच्या बाजूला, डॅशबोर्डच्या वर, मुठीएवढं गोल, काळ्या तबकडीचं. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवतं म्हणे. आरपीएम मीटर. काट्याचं टोक लाल, तबकडीच्या कडेला इंजिनाची हद्द दाखवणारी लाल रेघ, आणि वर एक चिमुकला लाल दिवा. गिअर बदलायची वेळ झाली की दिवा लागतो. मी काचेतून बघितलं. आतून हिरवा उजेड येत होता आणि झयाना त्याच्याकडे अशी बघत होती की जणू नवऱ्यानं पैंजण आणलेत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अबू बखीत," मी म्हटलं, "माझं कुठाय?"

"तुझं काय?"

"घड्याळ."

तो हसला. "तुला कशाला? तू कानानं चालवतेस."

"कान अल्लानं दिलेत. तू काय दिलंस?"

"अगं, तुझ्यासारखी गाडी या वाळूत कोणी चालवत नाही. तुला त्याचा उपयोगच नाही."

"कलिंगडाचा तरी काय उपयोग होता? तरी अर्धं दिलंस ना?"

त्यानं झयानाच्या घराकडे एकदा बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, सापडला! "बरं," तो म्हणाला, "आणतो."

"तसंच हवं. तोच कारखाना, तोच रंग, लाल दिव्यासकट."

"तसंच आणतो, उम्म बखीत."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही बिदियाला गेलो. गाडी मी चालवली. शेरदिलचं गॅरेज पेट्रोल पंपाच्या मागे आहे. बलुची माणूस, आमच्या सगळ्या गाड्या तोच बघतो. मत्तर त्याला म्हणाला, "झयानाच्या गाडीत बसवलंस तसंच हिच्या गाडीत. केसाचाही फरक नको." आणि तो उंटाचं खाद्य बघायला गेला.

शेरदिलनं बॉनेट उघडलं. एक तार बॅटरीला, एक गाडीच्या अंगाला, एक दिव्यांच्या बटणाला. चौथी तार इंजिनच्या कॉइलकडून निघाली, रबरी बुचातून आत आली. मी डोक्याशी उभी. घड्याळ डॅशबोर्डवर धरून तो म्हणाला, "इथे?"

"तिचं कुठे आहे?"

"जरा डावीकडे."

"मग डावीकडे."

त्यानं पट्टा आवळला. मग घड्याळ उलटं करून मागे बोट लावलं. "उम्म बखीत, इथे मागे एक छोटं बटण असतं, ते..."

"तिचं बटण कुठे आहे?"

"तिचं खाली आहे, पण तुमची गाडी..."

"माझ्या गाडीला काय झालं? जुनी आहे म्हणून? तिचं खाली, तर माझंही खाली. तुला सांगितलं ना, केसाचाही फरक नको?"

शेरदिलनं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बुरख्यात, पण डोळे दिसत होते, आणि तेवढे पुरले. "जशी मर्जी," तो म्हणाला आणि बटण खालीच ठेवलं.

परत येताना मी घड्याळाकडे बघून बघून चालवली. झयानाचा काटा कितीवर असतो ते मी मत्तरला आधीच विचारून ठेवलं होतं. सपाट वाटेवर दोन हजार. माझा तीन हजारांवर! मी पाय सैल केला, काटा उतरला, पण गाडी उंटाच्या चालीनं चालायला लागली. मत्तर वाकून बघत म्हणाला, "बराच वर जातो गं काटा."

"नवीन आहे," मी म्हटलं. "बसेल हळूहळू."

कुठला बसतोय! रोज तेच. तिचा काटा कसा शहाण्या सुनेसारखा खाली मान घालून, आणि माझा जरा चढ आला की लाल रेघेत, दिवा डोळे मिचकावतोय. मी गाडीतून उतरले की आधी तिच्या गाडीत डोकवायची. मनात हिशोब करायची. तिचं इंजिन गारेगार, माझं धापा टाकतंय. तिचं वय काय, माझं वय काय. गुडघे माझेही वाजायला लागले होते. एकदा विहिरीवर मी बराच वेळ गाडीत बसून राहिले, इंजिन चालू ठेवून. कान म्हणत होते, इंजिन ठणठणीत आहे. घड्याळ म्हणत होतं, दमलंय. आणि मी कानांना गप्प बसवलं. घड्याळ मत्तरनं दिलं होतं ना!

मत्तरच्याही नजरेतून ते सुटलं नाही. एका सकाळी माझ्या बाजूला टेकून, वाळूकडे बघत तो म्हणाला, "उम्म बखीत, खजूर उतरले की तुझी गाडी देऊन टाकू. म्हातारी झाली. तुला नवी आणतो."

"आणि तिला?"

"तिलाही. न्याय म्हणून."

"मग दोघींच्या गाड्या एकसारख्या. पुढे कोण जाणार?"

त्यानं वाळूत बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "यंदा झयानाला जाऊ दे का पुढे? तुझ्या गाडीला ताण नको."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. रात्री अर्ध्या घेतल्यास, कलिंगड अर्धं घेतलंस, आता हेही? "मी जिवंत आहे तोवर पुढे मीच जाणार," मी म्हटलं, "आणि सासूबाई माझ्याच गाडीत बसणार."

निघायच्या दिवशी सकाळीच वाळू तापली होती. वाळूत रुतू नयेत म्हणून विहिरीवर सगळ्यांनी चाकांची हवा कमी केली. सासूबाई किटली घेऊन माझ्या शेजारी बसल्या. मागे झयाना, मग दीर सुवैद आणि त्याच्या पोरांच्या गाड्या, शेवटी मत्तर मोठ्या गाडीत उंट घेऊन. वाटेत वाळूचा एक मोठा डोंगर आहे, त्याला वळसा नाही. खालून वेग घ्यायचा, दुसरा गिअर, पाय तळापर्यंत, आणि माथा दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही. ही गोष्ट मी झोपेत केली असती.

मी वेग घेतला. दुसरा गिअर. इंजिन गरजलं, तेच जुनं, भरल्या छातीचं गरजणं. आणि समोर काटा लाल रेघ ओलांडून गेला, दिवा लागला तो लागूनच राहिला. जळेल, मी मनात म्हटलं, सगळ्यांच्या देखत इंजिन जळेल आणि ही मागून येऊन बघेल. आणि मी पाय उचलला.

वाळू दयामाया करत नाही. गाडी जागच्या जागी बसली, पोटापर्यंत. मी मागे-पुढे केलं, आणखी रुतली. तेवढ्यात बाजूनं घुं करत हायलक्स वर गेली. झयानाची नजर नाकासमोर, घड्याळावर. आमच्याकडे बघितलंही नाही. माथ्यावर जाऊन थांबली.

सुवैद खालून ओरडला, "वहिनी, उतरून धक्का मारू की उंट जुंपू?" त्याची पोरं फिदीफिदी हसली.

मी दार उघडायच्या आत सासूबाई उतरल्या होत्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात काठी, चढ चढायला लागल्या.

"खाला, कुठे निघालात? आत्ता काढते मी गाडी!"

"पोरी, ऊन बघ," त्या म्हणाल्या. "जी पुढे ती पुढे. मला कॉफी वेळेवर प्यायची आहे." आणि झयानाच्या गाडीत जाऊन बसल्या.

मला पट्टा बांधून ओढून काढलं. बागांपर्यंतची उरलेली सगळी वाट मी झयानाची धूळ खाल्ली. बुरख्याआड रडायचं एक बरं असतं, कोणाला दिसत नाही.

बागेत पोचल्यावर दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच गाडी घेऊन शेरदिलकडे गेले. म्हटलं, "इंजिन खोल. नाहीतर हे घड्याळ तरी उपट. दोघांतलं एक मला नको आहे."

शेरदिलनं बॉनेटवर हात ठेवला, इंजिन चालू करायला सांगितलं, थोडं ऐकलं. "इंजिनाला काय धाड भरलीय? मस्त आहे."

"काटा लाल रेघेत जातो."

"जाणारच!" तो हसायला लागला. "मी सांगत होतो तर तुम्ही ऐकता कुठे? हे घड्याळ नुसत्या ठिणग्या मोजतं हो, फेरे नाही. इंजिनला किती सिलिंडर आहेत ते त्याला सांगावं लागतं. मागचं बटण त्यासाठीच. खाली चार, मधे सहा, वर आठ. झयानाची गाडी चारची, तिचं बटण खाली. तुमची सहाची. चारवर ठेवलं तर दीडपट दाखवणार ना! खरे दोन हजार तिथे तीन हजार."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तिथल्या टायरवर बसले.

"तुम्हीच म्हणालात, तिचं तसंच माझं," शेरदिल म्हणाला. त्यानं मागे बोट घालून बटण मधे सरकवलं. काटा खाली आला आणि नेमका तिथे थांबला जिथे माझे कान सांगत होते. "आता बरोबर. पण खरं सांगू, तुम्हाला याची गरजच नव्हती. तुम्हाला ऐकू येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला इंजिन ऐकू येत नाही म्हणून मत्तरनं बसवून घेतलं ना. लाल दिवाही त्यासाठीच. लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणे. माणूस समोर आला की ओठ बघून समजते, पण इंजिनाला कुठले ओठ?" माझ्याकडे बघून तो थबकला. "तुम्हाला माहीत नाही? एकाच अंगणात राहता!"

मी म्हटलं, "माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघत होते." आणि गाडी काढली.

वाटेत एका बाभळीखाली थांबले. मागून हाक मारली तर वळत नव्हती. बायकांत हं-हं करायची, कारण आमच्या बायकांचे ओठ घरातही, बायकाबायकांतही बुरख्याखालीच असतात. पुरुषांचे दिसतात. आणि तो तिच्यासमोर का बसायचा, सावकाश का बोलायचा, तेही सगळं लख्ख झालं. मला तिची कीव यायला हवी होती. आलीही थोडी, पण नंतर. आधी काय आलं ते सांगते. आधी आला जळफळाट, आजवर कधी आला नव्हता असा. चार वर्षं! चार वर्षं तो हे पोटात घेऊन फिरला. मला नाही सांगितलं, स्वतःच्या आईला नाही सांगितलं. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी चार ठिकाणी सांगितलं असतं, बायकांनी तिच्या हातातून गाडी काढून घेतली असती, तिच्या चिमुरडीच्या कानाशी टाळ्या वाजवून बघितल्या असत्या. म्हणून झाकलं त्यानं. कलिंगड दोघींना, तांदूळ दोघींना, घड्याळसुद्धा दोघींना, पण हे झाकणं एकटीला. माझं काय झाकलं होतं त्यानं आजवर? माझं झाकावं असं त्याला कधी काही दिसलंच नाही.

उन्हाळाभर मी गप्प राहिले. बटणाचंही कोणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हसं माझंच झालं असतं. फक्त मत्तरला एवढं म्हटलं की गाडी विकायची नाही. तो बरं म्हणाला.

खजूर उतरले, आम्ही परत निघालो. सासूबाई झयानाच्या गाडीत. ती पुढे, मी दुसरी. डोंगर आता दुसऱ्या बाजूनं चढायचा होता, आणि ती बाजू जास्त उभी. झयानानं वेग घेतला, अर्ध्यावर गेली आणि इंजिन मेलं. घसरत खाली आली. पुन्हा घेतला, पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा तर पायथ्याशीच इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, चाकं वाळू उडवत राहिली, आणि तिला कळेना. सुवैदनं भोंगा वाजवला. "अगं, काय झोप लागलीय काय!" त्याची बायको म्हणाली, "घड्याळ बघून वाळू चढता येते होय? उंटावरून शेळ्या हाकायची कामं!" सगळे हसले. झयानाला हसू ऐकू आलं नाही, पण आरशात हलणारे खांदे दिसले असणार.

मी उतरून तिच्या खिडकीशी गेले. तिचं घड्याळ मेलं होतं. काटा शून्यावर, दिवा बंद. बागेतल्या उंदरांनी तार कुरतडली असेल. सासूबाई करवादल्या, "विचार हिला काय झालंय! मी विचारतेय तर नुसती समोर बघतेय! बहिरी आहे का ही?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. एक शब्द. हो. तेवढं म्हटलं असतं तर पुढचा मान माझा, कायमचा. आणि तो न्यायाधीश तिच्यासाठी काय झाकत बसला असता मग?

तेवढ्यात मागून मत्तर येताना दिसला, वाळूत पडत-धडपडत, धावत. पण तिच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, मी काय बोलते या भीतीनं.

"खाला," मी म्हटलं, "तिचं इंजिन तापलंय, ती देवाचं नाव घेतेय. तुम्ही माझ्या गाडीत या, कॉफी निवायला नको." त्या उतरल्या. त्यांना काय, जी पुढे ती पुढे.

मत्तर पोचला. "मी बोलतो तिच्याशी," तो धापा टाकत म्हणाला.

"तू थांब तिथे. मीच बोलणार."

मी पुरुषांकडे पाठ केली, खिडकीत वाकले आणि बुरखा वर केला. भर उन्हात. झयाना दचकली. चार वर्षांत तिनं माझं तोंड बघितलं नव्हतं. मला पुढचे दोन दात नाहीत, तेही तिनं आता बघितले. तिचे डोळे भरले.

"रडू नकोस," मी सावकाश म्हटलं, एकेक शब्द चघळून. "मी पुढे जाते. तू मागून ये. माझा हात खिडकीबाहेर वर दिसेल. हात वर तोवर पाय तळाला. हात खाली आला की सोड. कळलं?"

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला हवं? मला डोळे आहेत," मी म्हटलं. हे धादांत खोटं होतं, पण तिला कुठे माहीत?

मी गाडीत बसले. सासूबाई शेजारी, किटली मांडीवर. घड्याळावर मी माझी ओढणी टाकली. वेग घेतला, दुसरा गिअर, पाय तळाला, आणि एक हात खिडकीबाहेर. सासूबाई ओरडल्या, "दोन्ही हातांनी चालव, बये!" इंजिन गरजत होतं आणि मी ऐकत होते. एक कान माझ्या इंजिनाला, एक मागच्याला. तिचंही इंजिन माझ्या मागोमाग, न थांबता, वर वर येत होतं. माथा आला तेव्हा कुठे मी हात खाली घेतला.

वर सगळे थांबले. सासूबाईंनी चटई अंथरली, कॉफी ओतली. मत्तर सगळ्यात शेवटी वर आला. माझ्या बाजूला रिकामी जागा होती, रोजची. तो तिथे बसला नाही. वळसा घालून आला आणि माझ्यासमोर बसला, मांडीला मांडी भिडेल असा, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तो हळूच म्हणाला.

"उन्हाळ्यापासून."

"कोणाला बोलली नाहीस."

"का बोलू? न्यायानं ते झाकणं अर्धं माझं आहे. आणून द्यायला तुलाच उशीर झाला."

तो तसाच बघत राहिला. मी कप चटईवर ठेवला.

"बघतोस काय असा?" मी म्हटलं. "मला ऐकू येतं."

तरी तो उठला नाही.